इमारती मोजल्या, उपचार कोण मोजणार?

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आपल्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात, दोन बाळांना उंदीर चावले. पुढच्या काही दिवसांत ती दोन्ही बाळे दगावली. मृत्यू उंदरांमुळे नव्हे, तर जन्मतःच असलेल्या गंभीर आजारांमुळे झाले, असे रुग्णालयाने सांगितले. निलंबने झाली, नोटिसा निघाल्या, उंदरांच्या बंदोबस्ताचा ठेका घेतलेल्या कंपनीला दंड झाला, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गणपतीचे दिवस होते. आरती झाली की प्रसाद वाटता वाटता मंडपात हाच विषय निघे. पुढे नवरात्र आले, दिवाळी आली आणि विषय मागे पडला.

आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना ही गोष्ट इतरांपेक्षा थोडी अधिक लागली, हे कबूल केले पाहिजे. रुग्णालयाला होळकरांचे नाव आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचा जन्म तिथला, कितीतरी घरांतल्या लेकी-सुनांनी तिथे परिचारिका म्हणून उभी हयात काढली, वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झालेली मुले तर घरोघरी सापडतील. त्यामुळे संताप साहजिक होता. पण संतापाबरोबर एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, तो आज विचारावा म्हणून हा लेख.

त्या घटनेच्या आदल्या दिवशी कुणी विचारले असते, की हे रुग्णालय नवजात बाळाला सांभाळण्यास समर्थ आहे काय, तर कागदावरून काय उत्तर मिळाले असते? कक्ष आहे. खाटा आहेत. यंत्रे आहेत. डॉक्टर आणि परिचारिका आहेत. उंदीर-झुरळांच्या बंदोबस्ताचा ठेकासुद्धा दिलेला आहे. म्हणजे उत्तर 'होय' असेच मिळाले असते. कागद खोटा नव्हता, पण त्याने जे मोजायला हवे तेच मोजले नव्हते. आमच्या मते दुखणे इथे आहे आणि ते एका रुग्णालयाचे नाही, सबंध देशाचे आहे.

उंदरांची जुनी गोष्ट

ज्यांची साठी उलटली आहे त्यांना १९९४ साल आठवत असेल. सुरतेत प्लेगची साथ आली आणि देशभर घबराट पसरली. त्या वेळी याच रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. प्रशासनाने रुग्णांना हलवले, इमारत रिकामी केली, हजारो उंदीर मारले, कचऱ्याचे ढीग उपसले. शहरातल्या लोकांनी पैसा दिला, श्रम दिले. त्या मोहिमेतून एक कल्पना पुढे आली. रुग्णालयाचा कारभार केवळ भोपाळच्या आदेशाची वाट पाहत बसू नये, त्यात गावातल्या नागरिकांना स्थान असावे. तिचे नाव 'रोगी कल्याण समिती'. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा ही कल्पना देशभर गेली. आज कुठल्याही राज्यातल्या सरकारी रुग्णालयात रोगी कल्याण समिती दिसते, तिचे माहेर आपले इंदूर आहे.

असे असताना एकतीस वर्षांनी त्याच रुग्णालयात, तेच उंदीर! समिती होती, निधी होता, ठेका होता. नव्हते एवढेच, की ठरलेले काम आज प्रत्यक्ष होते आहे की नाही हे बाहेरच्या कुणी नियमाने पाहावे आणि जे दिसले ते चारचौघांत सांगावे. उत्साहाने केलेली स्वच्छता उत्साह टिकेपर्यंत टिकते, पुढचे काम मोजणीनेच होते.

देश काय मोजतो?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला. दर चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, अशी तातडीची शिफारस त्यात होती. पुढे प्रमाणे बदलत गेली. सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांमागे तीस खाटांचे सामुदायिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगराळ भागांसाठी हे आकडे कमी ठेवले गेले. त्या काळी गावात काहीच नव्हते, तेव्हा इमारती मोजणे योग्यच होते. त्या हिशेबाने देशाने मोठी मजल मारली. ३१ मार्च २०२३ रोजी देशात १,६९,६१५ उपकेंद्रे, ३१,८८२ प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ६,३५९ सामुदायिक आरोग्य केंद्रे होती.

पण आत कोण बसले आहे? २००७ साली 'भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके' आली, ती २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. सामुदायिक केंद्रात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ हे असलेच पाहिजेत, असे ती सांगतात. प्रत्यक्षात केंद्र शासनाच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार ग्रामीण सामुदायिक केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांचा तुटवडा गरजेच्या सुमारे ऐंशी टक्के होता. म्हणजे पाच जणांच्या जागी एक! तरीही 'सामुदायिक आरोग्य केंद्र : एक' अशी नोंद जिल्ह्याच्या तक्त्यात होतेच.

आमच्या मंडळाचे एक आरोग्य शिबिर दरवर्षी इंदूरबाहेरच्या एका ग्रामीण केंद्रात भरते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बाळंतपणाच्या खोलीत नवजात बाळाला ऊब देणारे नवे कोरे यंत्र दिसले. प्लास्टिकचे वेष्टन तसेच होते. सिस्टरबाईंना विचारले, तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "दादा, मशीन आली, पण तिचा प्लग मोठा आहे. बोर्ड बदलायला सांगितलंय, अजून कुणी आलं नाही." यंत्र लाखाच्या घरातले, बोर्ड दोन-अडीचशे रुपयांचा. साठा-नोंदवहीत मात्र त्या यंत्रापुढे 'उपलब्ध' असे लिहिलेले होते आणि ते खरेही होते. आम्ही बरोबरच्या वायरमनकडून बोर्ड बसवून घेतला. अर्ध्या तासाचे काम. पण त्याआधीच्या महिन्यांत तिथे जन्मलेल्या बाळांचे काय झाले असेल, हा विचार परतीच्या वाटेवर कुणाच्याच मनातून जाईना.

समर्थ म्हणजे काय?

या विषयाचे शास्त्र आहे आणि ते अवघड नाही. १९६६ साली अवेदिस डोनाबेडियन या अभ्यासकाने सांगितले, की उपचाराचा दर्जा तीन पायऱ्यांवर पाहावा. साधने काय आहेत, त्या साधनांनी प्रत्यक्ष केले काय जाते, आणि शेवटी रुग्णाचे झाले काय. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने पहिली पायरी तरी नीट मोजता यावी म्हणून आरोग्य केंद्रांच्या पाहणीची एक पद्धत तयार केली. तिच्यात केंद्राची सज्जता पाच बाबींवर पाहतात. पाणी, वीज, शौचालय अशा मूलभूत सोयी, वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र अशी साधी उपकरणे, संसर्ग टाळण्याची व्यवस्था, नेहमीच्या तपासण्या, आणि आवश्यक औषधे. यातली खरी मेख अशी, की 'आहे का?' एवढे विचारून पाहणी करणारा थांबत नाही. दाखवा, चालू करून दाखवा, औषधाची मुदत संपलेली नाही ना ते दाखवा, असे तो म्हणतो. नोंद त्या दिवशीच्या परिस्थितीची होते. याच धर्तीच्या आणखी सखोल पाहण्या बांगलादेशात २०१४ आणि २०१७ साली, तर नेपाळमध्ये २०१५ आणि २०२१ साली झाल्या. त्यांत डॉक्टर रुग्णाला कसे तपासतात हे शेजारी बसून पाहिले जाते आणि बाहेर पडणाऱ्या रुग्णाला विचारले जाते, की तुम्हाला काय सांगितले, काय समजले. आपल्याकडेही जिल्हास्तरीय पाहणीत घरांबरोबर आरोग्य केंद्रांची पाहणी होत असे, पण २०१२-१३ च्या चौथ्या फेरीनंतर ती मालिका पुढे चालली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आहे, ती घराघरांत जाते. दवाखान्याच्या कपाटात डोकावत नाही.

कपाटात डोकावणे का महत्त्वाचे, हे एका साध्या हिशेबाने कळेल. अडलेल्या बाईच्या सिझेरियनसाठी पाच गोष्टी एकाच वेळी लागतात असे धरा. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त, न जाणारी वीज आणि निर्जंतुक केलेली हत्यारे. यातली प्रत्येक गोष्ट शंभरपैकी ऐंशी दिवस असते. तक्त्यात पाचही ठिकाणी 'ऐंशी टक्के' दिसेल आणि साहेब खूश होतील. पण त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर पाचही गोष्टी एकत्र असण्याचे दिवस शंभरात केवळ तेहतीस भरतात. उरलेल्या सदुसष्ट दिवसांत त्या बाईला 'इंदूरला घेऊन जा' एवढाच सल्ला मिळतो. सरासरीने झाकले जाते ते हे.

दुसऱ्या पायरीविषयीचा एक अभ्यास आपल्याच मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात आणि दिल्लीत झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक माणसांना रुग्णाची भूमिका शिकवून दवाखान्यांत पाठवले. कुणी छातीत दुखते म्हणाला, कुणी दम लागतो म्हणाला, कुणी घरी असलेल्या बाळाची हगवण सांगितली. ग्रामीण मध्य प्रदेशात एका रुग्णाला सरासरी चार मिनिटेही मिळाली नाहीत आणि योग्य औषध मिळाले ते दहांतल्या तिघांना. यात खासगी दवाखाने होते, पदवी नसलेले 'डॉक्टर' तर पुष्कळच होते. म्हणजे प्रश्न केवळ सरकारी भिंतींच्या आतला नाही.

आणि तिसरी पायरी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मध्य प्रदेशात नव्वद टक्क्यांहून अधिक बाळंतपणे रुग्णालयांत आणि केंद्रांत झालेली आढळली. ही मोठी कमाई आहे, आशा कार्यकर्तींच्या पायपिटीची कमाई आहे. माता आणि बालमृत्यू पूर्वीपेक्षा घटले आहेत, हेही खरे. तरीसुद्धा २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या; महाराष्ट्रात ३३, केरळात १९ आणि मध्य प्रदेशात १७३. बाई दारापर्यंत आली होती. दाराच्या आत काय मिळाले, हे हे आकडे सांगतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अंदाजानुसार भारतात उपचारांनी टळू शकणाऱ्या मृत्यूंपैकी वर्षाला सुमारे सोळा लाख मृत्यू हे उपचार मिळूनही ते निकृष्ट असल्यामुळे होतात, तर दवाखाना न गाठता आल्यामुळे होणारे सुमारे आठ लाख. दुप्पट फरक! आणि आपण अजून नव्या इमारतींचे भूमिपूजनच करतो आहोत. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, ही म्हण उगीच नाही आली.

तपासणी होत नाही का?

होते. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. त्यांत रुग्णाच्या हक्कांपासून संसर्ग नियंत्रणापर्यंत आठ विभाग आहेत, बाहेरचे तपासनीस येतात, सत्तर टक्के गुण लागतात. २०१५ पासून स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' पुरस्कार आहेत. त्यामुळे अनेक ठिकाणी खरोखर सुधारणा झाल्या.

पण आपल्या घरांतल्या जुन्या शिक्षकांना विचारा. पूर्वी शाळेत दिपोटी येणार असे कळले, की आदल्या दिवशी शाळा झाडून, सारवून, पताका लावून सजायची आणि हुशार मुले पुढच्या ओळीत बसायची. दिपोटी शेरा लिहून गेले, की दुसऱ्या दिवशी पताका उतरायच्या. तारीख सांगून होणारी तपासणी अशीच असते. शिवाय ते गुण जातात कुठे? प्रमाणपत्र भिंतीवर लागते. पण कोणत्या विभागात किती गुण गेले, मागच्या वर्षीपेक्षा काय घसरले, हे दारात उभ्या असलेल्या रुग्णाला कुणी सांगत नाही.

तपासणी नीट नसली, की दोष सगळ्यांत खालच्या माणसावर येतो, हीही एक बाजू आहे. पाळीवरची सिस्टर निलंबित करणे सोपे. एका पाळीत किती बाळांमागे किती परिचारिका होत्या, ठेकेदाराचे बिल कुणी कशाच्या आधारे मंजूर केले, जाळ्या-दारे दुरुस्त करण्याचे पत्र कुठल्या टेबलावर पडून होते, याची नोंद जर महिन्याच्या महिन्याला उघड असती, तर जबाबदारी ज्याची त्याच्यापर्यंत पोचली असती. परिचारिकांची लेकी-सुनांची घरे असलेल्या आपल्या समाजाने तरी हे विसरू नये.

आपल्याला काय त्याचे?

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने स्पष्टच विचारले, "आपल्यापैकी आता तिथे जातो कोण? विमा आहे, खासगी रुग्णालये आहेत." प्रश्न रास्त आहे. पण अपघात, भाजणे, विषबाधा अशा वेळी मध्यरात्री माणूस कुठे नेला जातो? आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची सून बाळंतपणाला कुठे जाते? मुले पुण्याला, बंगळूरला किंवा सातासमुद्रापार आणि रामबागेतल्या जुन्या घरात दोघेच म्हातारे, अशी घरे आपल्याकडे वाढत आहेत. अशा घरातला माणूस शेजाऱ्यांनी जवळच्या दवाखान्यात उचलून न्यायचा, तेव्हा निवड करायला वेळ नसतो.

आणि खासगी म्हणजे निर्धास्त, हा भ्रम आहे. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयाला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. त्या रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेच्या परवानगीची मुदत आधीच संपलेली होती. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, ते रुग्णालय सरकारी. मोजमाप दोघांनाही सारखेच हवे.

मार्गही महाराष्ट्राने दाखवला आहे. २००७ पासून तिथे ग्रामीण आरोग्य अभियानाखाली 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पुण्याच्या 'साथी' संस्थेने त्यात पुढाकार घेतला. गावकऱ्यांनीच आरोग्य केंद्राची पाहणी करायची, प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, तक्ता गावात लावायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचा. अक्षर न येणाऱ्या बाईलाही लाल रंग कळतो. सुरुवातीच्या नऊ राज्यांत मध्य प्रदेशही होता. आपण ते धरून ठेवले नाही.

शासनाकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. एक, प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाची वर्षातून एकदा तरी न कळवता, बाहेरच्या तपासनीसांकडून पाहणी व्हावी. दोन, निकाल विभागवार, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, मुख्य दारावर लागावा. तीन, सरासरी गुणांऐवजी 'आज या केंद्रात सिझेरियन होऊ शकते का, साप चावलेल्याला लस मिळते का, नवजात बाळ सांभाळता येते का' अशा सेवेवार उत्तरांत तो असावा.

पण मागण्या करून घरी बसण्याची आपली सवय जुनी आहे. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीने एक ठरवले आहे. आपल्याकडे निवृत्त डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, इंजिनिअर आहेत, हिशेब तपासणारे बँकवाले तर मुबलक आहेत. दर तीन महिन्यांनी यातल्या पाच जणांनी, रीतसर परवानगी घेऊन आणि रोगी कल्याण समितीला कळवून, शिबिराच्या त्या एका केंद्राची पाहणी करायची. प्रश्न दहाच. रक्तदाबाचे यंत्र चालते का? नळाला पाणी आहे का? सर्पदंशाची लस आहे का, मुदत कधीची? वीज गेल्यावर काय होते? ऊब देणारे ते यंत्र अजून चालू आहे का? जे दिसेल ते याच अंकात छापायचे. चांगले असेल तर सिस्टरबाईंचे कौतुकही छापायचे. परवानगी नाकारली गेली, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहेच.

ज्यांना या पाचांत यायचे असेल त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी पाच वाजता मंडळाच्या सभागृहात यावे. प्रश्नांचा तक्ता त्या दिवशी पक्का करायचा आहे. वायरमन मिळाला तर त्यालाही बरोबर आणा.